तारीखमास्तरांच्या पोटातले दिवस

लिफ्ट बसवणाऱ्या त्या कंपनीत त्यांना सगळे तारीखमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नव्हतं. उलट त्यांना शिकवताना शाळेनेच हात टेकले होते, असं त्यांची ताई सांगते. पण कुठल्या इमारतीतली लिफ्ट कुठल्या दिवशी सुरू होणार हे छातीठोकपणे सांगणारा माणूस कंपनीत हा एकच, म्हणून मास्तर. कागदोपत्री हुद्दा 'प्रकल्प समन्वयक'. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी हा शब्द त्यांच्या बायकोला एका दमात म्हणता येत नसे. "हे लोकांच्या मागे लागतात," असं ती पाहुण्यांना सांगायची. हुद्द्याचं याहून अचूक वर्णन कंपनीच्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

लोकांच्या मागे लागणं ही काही येरागबाळ्याची कामगिरी नाही. मास्तरांची सगळी विद्या एका काळ्या, खिशात मावणाऱ्या डायरीत होती; दर वर्षी नवी डायरी. दर पानावर दोन रकाने. डावीकडे निळ्या शाईत बोलायची तारीख, उजवीकडे लाल शाईत खरी तारीख. दारं बसवणाऱ्याला सांगायचं, "दहाला दारं लागलीच पाहिजेत, नाहीतर आभाळ कोसळेल," आणि लाल शाईत लिहून ठेवायचं तेरा. मधले तीन दिवस मास्तरांच्या पोटात. ज्याची जशी खोड तसे दिवस. दारवाल्याला तीन, वायरमनला पाच, आणि खुद्द मालकांनाही दोन. समासात बारीक अक्षरात एकेकाची लक्षणं टिपलेली. 'वायरमनचा उद्या म्हणजे परवा दुपार.' 'दारवाला बघतो म्हणाला तर करतो. करतो म्हणाला तर जाऊन बघावं लागतं.'

एकवीस वर्षं ही विद्या चालली. दारवाला दहाची तारीख चुकवून बाराला धापा टाकत यायचा, मास्तर कपाळाला आठ्या घालून "बरं, या वेळी सांभाळून घेतो" म्हणायचे, आणि लिफ्ट वेळेवर सुरू व्हायची. कुणाला ताकास तूर लागली नाही. बायकोलासुद्धा नाही. ही युक्ती आपली आपणच शोधून काढली याचा मास्तरांना मनातल्या मनात फार अभिमान होता.

मग मालकांची मुलगी कंपनीत आली. तिला सगळे धाकट्या बाई म्हणू लागले. बाई हुशार, कामसू आणि मुख्य म्हणजे कुणावर ओरडत नसत, त्यामुळे त्यांच्याशी भांडायचीही सोय नव्हती. पहिल्याच महिन्यात त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आपल्याकडे आता कृत्रिम बुद्धिमत्ता येतेय. कुणाचं काम कुठवर आलंय ते ती विचारेल, आठवण करेल, उशीर होणार असेल तर आधी सांगेल. मास्तर, तुमचा त्रास वाचेल."

त्रास वाचेल, असं आजवर ज्यांनी ज्यांनी मास्तरांना सांगितलं होतं त्यांनी त्यांनी त्यांना कामाला लावलं होतं.

यंत्राचं 'जावई' हे नाव वायरमनने ठेवलं. "घरात आलाय, त्याला काम सांगायचं नाही, तो मागेल ते द्यायचं, आणि त्याच्याविषयी वावगं बोललं की मालकांच्या लेकीला वाईट वाटतं," तो म्हणाला. "जावई नाही तर काय?"

जावयाचं मागणं संपेना. सकाळी संगणक उघडला की पडद्यावर हजर. 'नमस्कार! आज आपण कसे आहात?' मास्तर कसे आहेत हे त्यांना कंपनीत एकवीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि आता जो विचारत होता त्याला सांगून उपयोग नव्हता. मग प्रश्न. लिफ्टचे रूळ आले का? किती आले? आलेले रूळ आल्याचं ज्यांना माहीत नाही त्यांना कळवू का? मास्तरांनी दुपारपर्यंत मोजलं. एक्केचाळीस वेळा 'संबंधितांना कळवू का?' विचारून झालं होतं. बेचाळिसाव्या वेळी त्याखाली एक बारीक चौकोन दिसला. 'यापुढे न विचारता कळवत जा.' मास्तरांनी इतक्या जोराने टिचकी मारली की शेजारच्या टेबलावरची पेन्सिल घरंगळली.

"काय झालं?" धाकट्या बाईंनी दारातून विचारलं.

"काही नाही. आमचं दोघांचं जमलं."

त्या वेळी हातात असलेलं काम साधं नव्हतं. ताईच्या इमारतीतली लिफ्ट बदलायची होती.

ताईविषयी सांगायला हवं. आई लवकर गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांची आणि मास्तर आठ. तिने पोस्टात नोकरी धरून भावाला वाढवलं. घरातलं घड्याळ ती वीस मिनिटं पुढे ठेवायची, आणि मास्तर शाळेत कधीच उशिरा पोचले नाहीत. याचं श्रेय ते आजही स्वतःच्या शिस्तीला देतात. आता ताई निवृत्त, एकटी, चौथ्या मजल्यावर. चोपन्न वर्षांच्या मास्तरांना ती 'छोट्या' म्हणते, तेही फोनवर, मोठ्याने, आणि मास्तरांचा फोन शेजारच्या दोन टेबलांना ऐकू जातो.

जुनी लिफ्ट निघणार हे ठरल्यावर ताईने गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याच महिन्यात उरकायचं ठरवलं. "नाहीतरी वर अडकूनच पडणार, त्यापेक्षा दवाखान्यात पडते. मला वीस तारखेला सोडणार आहेत. वीसला तुझी लिफ्ट चालू पाहिजे. बहात्तर पायऱ्या आहेत, छोट्या. नव्या गुडघ्याने मी चढणार नाही, आणि तू मला उचलू शकणार नाहीस."

"ताई, मी आयुष्यात कधी तारीख चुकवली आहे का?"

"लग्नाला दोन तास उशिरा आला होतास. स्वतःच्या."

मास्तरांनी डायरीत आखणी केली. दारवाल्याला दहा, खरी तेरा. वायरमनला बारा, खरी सतरा. एकोणीसला सरकारी तपासनीस येऊन लिफ्ट पास करणार, आणि वीसला ताई ऐटीत वर. सगळं पोटात नीट बसलं होतं.

सहा तारखेला धाकट्या बाई आल्या. "मास्तर, जावई... म्हणजे आपलं हे," त्या हसल्या, नाव त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. "त्याला जुनी माहिती लागते. त्यावरून ते शिकतं. तुमच्या डायऱ्यांचे फोटो काढून द्याल का? तुमच्या एकवीस वर्षांच्या अनुभवाचा त्याला फायदा होईल."

अनुभव म्हटलं की माणूस विरघळतो. मास्तरांनी जेवणाच्या सुट्टीत एकवीस डायऱ्यांच्या पानांचे फोटो काढायला घेतले ते थेट चहापर्यंत. आपलं अक्षर यंत्राला लागायचं नाही, अशी त्यांची खात्री होती. शाळेतल्या मास्तरांनाही ते लागत नसे. यंत्राला ते लागलं. एवढंच नव्हे, लाल आणि निळ्या शाईतला फरकही कळला. पडद्यावर उमटलं: 'आपली टिपणं उत्तम आहेत. प्रत्येक कामाला दोन तारखा दिसतात. त्यांपैकी लाल शाईतली खरी असावी. सर्व संबंधितांना कळवलं आहे.'

मास्तरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा पुसून पाहिलं. 'कळवू का' नव्हे, 'कळवलं आहे'.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमनने आपला फोन मास्तरांच्या नाकासमोर धरला. त्यावर लिहिलं होतं: 'नमस्कार! आपल्या कामाला पाच दिवसांची सवड आहे. घाई करू नये. टीप: आपल्या "उद्या"चा अर्थ "परवा दुपार" असा नोंदवलेला आहे.'

"मास्तर," वायरमन म्हणाला, "परवा दुपार?"

"अरे, ते एक जुनं टिपण..."

"एकोणीस पानांवर आहे म्हणतोय तो. मोजून सांगितलंय." एवढं बोलून त्याने पाच दिवसांची रजा टाकली आणि सासुरवाडीला गेला. सवड आहे, असं कंपनीनेच लेखी कळवलं होतं.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी संगणकापुढे बसून दोन बोटांनी टाइप केलं, 'हे तू काय केलंस?' उत्तर लगेच आलं. 'मी पारदर्शकता वाढवली. याचा आपल्याला आनंद झाला का? एक ते पाच गुण द्या.'

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, एकवीस वर्षांच्या पोटातल्या दिवसांसकट. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पाहुणे सहाला येणार म्हणून सांगता आणि ते सातला येतात, ते पण यातलंच?"

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे.

खरं सांगायचं तर जावई बिनकामाचा नव्हता, आणि याचाच मास्तरांना जास्त राग होता. आठ तारखेला त्याने सांगितलं की चौथ्या मजल्याच्या दाराची चौकट आराखड्यापेक्षा दोन सेंटिमीटर आखूड मागवली गेली आहे. मास्तरांनी टेप घेऊन, ओठ आवळून मोजलं. दोन सेंटिमीटर. मागणीच्या कागदावर सही कुणाची होती ते सांगायला नको. चौकट बदलून आली. हे दार लावायच्या दिवशी लक्षात आलं असतं तर आठवडा गेला असता. धाकट्या बाई म्हणाल्या, "बघा!" मास्तरांनी बघितलं. हुशार आहे, त्यांनी मनात म्हटलं, पण पोटात म्हणून काही ठेवत नाही.

दहाला दारं लागली नाहीत. तेराला लागली नाहीत. मास्तर आत्तापर्यंत समजत होते की माणसं मुळात तीन दिवस उशीर करतात, म्हणून तीन दिवस राखून ठेवले की झालं. आता कळलं की माणसाला कुठलीही तारीख द्या, तो त्यापुढे तीन दिवस जातो. पंधराला मास्तर जिने चढून इमारतीत गेले. दारवाला तिसऱ्या मजल्यावर स्टुलावर बसून स्क्रू मोजत होता. पन्नाशीचा, बारीक, अबोल गडी. मास्तरांबरोबर पहिल्या दिवसापासून.

"अहो, तेरा ही खरी तारीख होती!" मास्तर धापा टाकत म्हणाले.

"आधीची दहाही खरीच म्हणाला होतात."

"ती... तसं बोलायची पद्धत असते."

दारवाल्याने स्क्रूंची डबी बंद केली. "मास्तर, जावयाने काल सगळ्या जुन्या कामांचा तक्ता पाठवला. ज्याचा त्याला. तीन वर्षांपूर्वी त्या बँकेच्या इमारतीत दारं लावत होतो, आठवतंय? त्या दिवशी माझ्या मुलीची पोहण्याची शर्यत होती. मी सुट्टी मागितली. तुम्ही म्हणालात, आज दारं लागली नाहीत तर सगळं संपलं."

मास्तरांना आठवलं.

"पहिली आली ती. मी तिथे नव्हतो. आणि त्या तक्त्यात लिहिलंय, माझ्याकडे तीन दिवस शिल्लक होते."

"पण काम झालं ना वेळेवर?" हे मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. निघाल्यावर त्यांनाच ते ऐकवेना.

"झालं," दारवाला म्हणाला. "काम झालं."

लिफ्टच्या रिकाम्या विहिरीतून वारा वर येत होता. मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले. वरिष्ठ माणसाने कामगारासमोर पायरीवर बसू नये असा एक नियम त्यांनी स्वतःच कधीतरी केला होता.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "फार चुकलं. आणि आता खरंच अडलंय तर तुम्ही माझं का ऐकाल, हेही मला कळतंय. वीसला माझी ताई दवाखान्यातून येते. चौथा मजला. गुडघा नवा आहे."

दारवाल्याने डबी मांडीवर ठेवली. "ताई खरी आहे ना, मास्तर? की तीही पोटातली?"

"अहो, आईच्या शपथेवर..."

"शपथ नको. फोन लावा."

मास्तरांनी फोन लावून आवाज मोठा केला. पलीकडून ताई कडाडली, "काय रे छोट्या, झाली का लिफ्ट, की मला दोरीने वर ओढणार?"

दारवाल्याच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "खरी दिसते," तो म्हणाला, आणि डबी उघडली.

पुढचे पाच दिवस मास्तरांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. रजा वाढवून तिथेच राहिलेल्या वायरमनला सासुरवाडीहून बोलावलं. त्याला फोनवर "उद्या येतो" म्हणायची सोय उरली नव्हती, त्यामुळे तो बिचारा खरोखरच दुसऱ्या दिवशी आला. तपासनिसांची एकोणीसची वेळ हुकली. त्यांना गळ घालून वीसला संध्याकाळी पाचची मिळवली. जावई रोज सकाळी लाल पट्टी दाखवून सांगायचा, 'वीस तारीख चुकण्याची शक्यता ऐंशी टक्के. काळजी घ्या.' काळजी घेण्याखेरीज मास्तर दुसरं काहीही करत नव्हते. दोन दिवस तर त्यांना घास उतरला नाही. बायको ताट झाकत म्हणाली, "एवढं लोकांच्या मागे लागला असतात तर?"

"लोकांच्याच मागे आहे!"

"स्वतःच्या मागे लागलायत तुम्ही."

वीसला दुपारी बाराला मास्तर दवाखान्यात गेले. ताईला सांगायचं होतं की दुपारऐवजी संध्याकाळी सहानंतर निघू या; पाचला तपासणी, पास झाली तर वर, नाही झाली तर आमच्या घरी. वाक्य त्यांनी येताना रिक्षात तीन वेळा घोळवलं होतं.

ताई पलंगावर पाय लांब करून शब्दकोडं सोडवत होती. पिशवी भरलेली नव्हती. चपला पलंगाखाली. दवाखान्याचाच झगा अंगात.

"अगं, तयारी?"

"कसली? मला परवा सोडणार आहेत."

"परवा?"

"बावीस. डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून बावीसच सांगितलं आहे." तिने कोड्यातून डोकं वर काढलं नाही. "उभा का? बस."

मास्तर बसले नाहीत. "मग मला वीस का सांगितलंस?"

"तुला ओळखते म्हणून. वीस सांगितलं की तू बावीसला करतोस. बावीस सांगितलं असतं तर मी इथे महिनाभर पडले असते. लहानपणी घड्याळ काय हौसेने पुढे ठेवत होते का मी?"

"घड्याळ पुढे होतं?"

"छोट्या," ताईने आता मात्र चष्म्यावरून पाहिलं, "तुला माहीत नव्हतं?"

"दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही!" मास्तर ओरडले. पलीकडच्या पलंगावरच्या बाईंनी कूस बदलली. "वायरमनला त्याच्या सासरहून उठवून आणला! तपासनिसाच्या हातापाया पडलो! आणि तुझ्याकडे दोन दिवस शिल्लक होते?"

"लिफ्ट होतेय ना वेळेवर?"

यावर मास्तरांकडे उत्तर होतं. पण ते उत्तर पंधरा तारखेला तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्याच माणसाने दिलं होतं. ते तसेच निघाले. मागून ताई म्हणाली, "चिडतोस काय? येताना माझी निळी साडी घेऊन ये. एकवीसला आण." आणि थोडं थांबून, "बरं, बावीसला आण."

इमारतीत पोचेपर्यंत मास्तरांच्या डोक्यात एकच झगडा चालला होता. बावीस तारीख आता जगात तिघांना ठाऊक होती: डॉक्टर, ताई आणि ते. गप्प राहिलं की संध्याकाळपर्यंत लिफ्ट तयार. सांगितलं की वायरमन सासरी. इतके आयते दोन दिवस पोटात पडले होते, आणि एकवीस वर्षांची सवय सांगत होती, ठेव, ठेव.

दारवाला चौथ्या मजल्यावर गुडघ्यांवर बसून दाराची खालची पट्टी ठोकत होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. वायरमन पॅनेलमध्ये डोकं घालून उभा.

"ऐका," मास्तर म्हणाले. "ताई आज येत नाही. बावीसला येतेय."

हातोडी थांबली. "खरी तारीख?"

"खरी. मलाही आत्ताच कळली. तिने माझ्यापासून दोन दिवस पोटात ठेवले होते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग वायरमन पॅनेलमध्येच हसायला लागला. तो पत्र्याच्या डब्यात हसत असल्यामुळे ते सगळ्या मजल्यांवर ऐकू गेलं. दारवाला हसला नाही, पण हातोडी खाली ठेवून भिंतीला टेकला. "तपासनिसांना उद्या सकाळी बोलवा," तो म्हणाला. "हे दार मी पुन्हा उघडतो. घाईत लावलंय, खाली घासतंय. आज पास झालं असतं, पण महिनाभरात अडकलं असतं."

"ताई आत असताना," वायरमन म्हणाला.

"मग काय ऐकायला लागलं असतं, ते मी फोनवर ऐकलंय," दारवाला म्हणाला. "चहा सांगा, मास्तर. आणि उद्या काम संपलं की मी निघणार. मुलीची शर्यत आहे परवा, दुसऱ्या गावात."

"आजच निघायचं असेल तर..."

"उद्या म्हणजे उद्या," दारवाला म्हणाला. "डायरीत लिहा पाहिजे तर."

एकवीसला सकाळी साडेदहाला लिफ्ट पास झाली. मास्तर एकटेच चौथ्या मजल्यापर्यंत गेले आणि खाली आले. दार घासलं नाही. बावीसच्या आधी एक पूर्ण दिवस! कंपनीच्या इतिहासात खऱ्या तारखेच्या आधी झालेलं हे पहिलं काम. ते ऑफिसात आले, खुर्चीत टेकले आणि संगणक उघडला.

लाल पट्टी. 'नमस्कार! प्रकल्प एक दिवस उशिरा पूर्ण झाला. अंतिम तारीख: वीस. उशिराचं कारण लिहा.'

मास्तरांनी डोळे मिटून दहा आकडे मोजले. मग दोन बोटांनी लिहिलं: 'ताई.'

जावयाने जरा विचार केला. 'धन्यवाद. ताई या तारखा ठरवण्यात अनुभवी दिसतात. त्यांना पुढील सर्व प्रकल्पांत सहभागी करून घेऊ का?'

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, आणि पडद्यावरचा प्रत्येक शब्द बोट फिरवून वाचला, बारीक चौकोनांसकट. मग 'नाही' वर टिचकी मारली.

'खात्री आहे?' जावयाने विचारलं.

एवढी खात्री मास्तरांना आयुष्यात कुठल्याच तारखेची नव्हती.